प्रिन्स हॉल

प्रिन्स हॉल (जन्म: इ.स. १७३५ च्या सुमारास. मृत्यू: ४ डिसेंबर, इ.स. १८०७, बॉस्टन, मॅसॅच्युसेट्स) हे अमेरिकेतील एक कृष्णवर्णीय समाजनेते, चामड्याचे कारागीर आणि फ्रीमेसन होते. गुलामगिरीतून मुक्त झाल्यावर त्यांनी बॉस्टन शहरात आफ्रिकन लॉज ही कृष्णवर्णीय फ्रीमेसनांची पहिली संस्था उभी केली. गुलामगिरीचे उच्चाटन, गुलामांच्या व्यापारावरील बंदी आणि कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षण या तीन प्रश्नांवर त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीतील आरंभीच्या लिखित दस्तऐवजांत या अर्जांची गणना होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रिन्स हॉल फ्रीमेसनरी आजही चालू आहे.

'प्रिन्स' हे त्यांचे नाव आहे, पदवी नव्हे. गुलामांना प्रिन्स, सीझर, पॉम्पी अशी भारदस्त नावे देण्याची मालकवर्गात प्रथाच होती. नाव राजपुत्राचे आणि जगणे दासाचे, अशी ती क्रूर विसंगती होती.

पूर्वायुष्य आणि मुक्तता

हॉल यांच्या जन्माविषयीची एक कथा दीर्घकाळ प्रचलित होती. ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर एका इंग्रज चर्मकाराच्या पोटी जन्मले आणि स्वकष्टाने पैसे भरून बॉस्टनला आले, असे त्या कथेत सांगितले जाई. विल्यम ग्रिमशॉ यांच्या १९०३ मधील पुस्तकाने ही कथा रूढ केली. पुढील संशोधकांना तिला कागदोपत्री आधार सापडला नाही आणि ती आता त्याज्य मानली जाते. ती इतकी का रुजली हे समजण्यासारखे आहे. फ्रीमेसनांच्या नियमानुसार सदस्य जन्मतः स्वतंत्र असणे आवश्यक होते, आणि संस्थापक जन्माने स्वतंत्र होता असे ठरल्यास विरोधकांचा एक मोठा आक्षेप आपोआप गळून पडत होता.

उपलब्ध कागदपत्रांवरून दिसते ते असे: बॉस्टनमधील विल्यम हॉल नावाच्या चामडे कमावणाऱ्या व्यावसायिकाच्या घरी ते सुमारे एकवीस वर्षे गुलाम म्हणून होते. ९ एप्रिल १७७० रोजी विल्यम हॉल यांनी त्यांना मुक्ततेचा दाखला लिहून दिला. यापुढे त्यांना गुलाम समजले जाऊ नये, असा त्याचा आशय होता. जेमतेम महिन्यापूर्वी, ५ मार्चला, बॉस्टनच्या रस्त्यावर ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळीबार केला होता आणि त्यात पडलेल्यांत क्रिस्पस अटक्स हा मिश्रवंशीय खलाशीही होता. स्वातंत्र्याची भाषा शहरात जोरात असताना हॉल यांना स्वतःचे स्वातंत्र्य एका कागदाच्या रूपाने मिळाले. पुढील सदतीस वर्षे कागद हेच त्यांचे मुख्य साधन राहिले.

चामडे कमावण्याचे काम ते मालकाघरीच शिकले होते. मुक्ततेनंतर त्यांनी त्याच व्यवसायात स्वतःचे दुकान थाटले. 'गोल्डन फ्लीस', म्हणजे मेंढ्याचे सोनेरी कातडे, ही त्या दुकानाची खूण होती. मेजवान्यांसाठी जेवण पुरवण्याचे कामही ते करीत. त्यांच्या नावे मालमत्ता होती, ते कर भरत आणि मतदानही करीत. क्रांतियुद्धाच्या काळातील त्यांचे एक बिल उपलब्ध आहे. २४ एप्रिल १७७७ च्या या बिलात बॉस्टनच्या तोफखाना पलटणीला ढोलांसाठी पाच चामडी पाने पुरवल्याची नोंद आहे.

फ्रीमेसनरीचे स्वरूप

हॉल यांच्या कार्याचा अर्थ लागण्यासाठी ते ज्या बंधुसंघात शिरले त्याची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. मेसन म्हणजे गवंडी किंवा पाथरवट. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये दगडी इमारती बांधणाऱ्या कारागिरांचे संघ होते. सतराव्या शतकापासून त्यांत ज्यांनी कधी छिन्नी हातात धरली नाही असे जमीनदार, विद्वान, व्यापारी यांनाही सभासद करून घेतले जाऊ लागले. १७१७ मध्ये लंडनमधील चार लॉज एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज स्थापन झाले. लॉज म्हणजे स्थानिक शाखा आणि ग्रँड लॉज म्हणजे तिला मान्यता देणारी वरिष्ठ संस्था.

गवंड्याची हत्यारे येथे आचरणाची प्रतीके झाली. गुण्या सचोटीचा, ओळंबा सरळ वागणुकीचा, तर पाणसळ समतेची. पाणसळीवर राजा आणि मजूर एका रेषेत येतात, अशी शिकवण दिली जाते. सभासदाला शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीला एक विधी असतो आणि परस्परांना ओळखण्याच्या खुणा गुप्त ठेवण्याची शपथ घ्यावी लागते. परमेश्वराच्या अस्तित्वावर श्रद्धा ही अट आहे, मात्र धर्म कोणता हे विचारले जात नाही. लॉजच्या बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. संकटात सापडलेल्या बंधूला, त्याच्या विधवेला व मुलांना मदत करणे हे कर्तव्य मानले जाते. गुप्ततेमुळे या संघाविषयी अनेक तर्ककुतर्क झाले. पण लॉजच्या जागा आणि पदाधिकाऱ्यांची नावे बहुधा उघड असत. झाकलेले असत ते विधी आणि खुणा.

प्रवेशासाठी इच्छुकाने स्वतः अर्ज करायचा आणि सभासदांनी गुप्त मतदान करायचे, अशी रीत आहे. पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी गोळी म्हणजे नकार. बहुतेक ठिकाणी एक-दोन काळ्या गोळ्याही अर्ज फेटाळण्यास पुरेशा होत. पाणसळीची समता आणि काळ्या गोळीचा अधिकार एकाच घरात नांदत होते. भर म्हणून १७२३ च्या छापील घटनेत सभासद जन्मतः स्वतंत्र असावा, दास नसावा, असे स्पष्ट लिहिलेले होते. हा प्रश्न अमेरिकेपुरता नव्हता. मुंबईच्या माणेकजी कर्सेटजी यांना आपल्या शहरातील दार बंद असल्याने पॅरिसमध्ये दीक्षा घ्यावी लागली, आणि १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांना प्रवेश देणारे रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज स्थापले तेव्हाच मुंबईत ती अडचण दूर होऊ लागली. बॉस्टनमध्ये हीच अडचण त्याआधी दोन पिढ्या उभी राहिली होती.

दीक्षा

बॉस्टनचे गोरे फ्रीमेसन हे शहरातील प्रतिष्ठित लोक होते. जोसेफ वॉरन आणि पॉल रिव्हिअर हे स्वातंत्र्यलढ्यातील दोन प्रसिद्ध पुढारी सेंट अँड्र्यूज लॉजचे सदस्य होते. कृष्णवर्णीयांना मात्र तेथे स्थान नव्हते. अखेर हॉल आणि त्यांचे चौदा सहकारी यांना दीक्षा मिळाली ती शत्रुपक्षाच्या छावणीत. ब्रिटिश सैन्याच्या ३८ व्या पायदळ पलटणीबरोबर आयर्लंडच्या ग्रँड लॉजचे ४४१ क्रमांकाचे लॉज फिरत असे. अशी लष्करी लॉज आपली सनद पलटणीच्या सामानासोबतच नेत. त्या लॉजच्या सार्जंट जॉन बॅट याच्या पुढाकाराने हे पंधरा जण फ्रीमेसन झाले.

परंपरेने या दीक्षेची तारीख ६ मार्च १७७५ मानली जाते. काही अलीकडील अभ्यासक ती १७७८ पर्यंत पुढे आणतात. परंपरागत तारीख धरली तर एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. त्याच दिवशी बॉस्टनच्या ओल्ड साउथ सभागृहात जोसेफ वॉरन पाच वर्षांपूर्वीच्या गोळीबाराच्या स्मृतिनिमित्त स्वातंत्र्यावर भाषण करीत होते.

१७७६ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सैन्य बॉस्टन सोडून गेले. मागे राहिलेल्या कृष्णवर्णीय बंधूंना मर्यादित परवानगी होती. त्यांनी एकत्र जमावे, संत जॉनच्या सणाला मिरवणूक काढावी, आपल्या मृतांचे दफन विधिपूर्वक करावे, इतकेच. नव्या सभासदाला दीक्षा देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अधिकार नसलेली संस्था सभासद मरतील तशी आपोआप संपणार होती, आणि हे हॉल यांच्या लक्षात आले होते. १७८२ च्या डिसेंबरात अशाच एका मिरवणुकीनंतर एका वृत्तपत्राने त्यांच्या लॉजला थट्टेचे नाव दिले. हॉल यांनी संपादकाला पत्र लिहून आपल्या संस्थेचे नाव आफ्रिकन लॉज असल्याचे संयमित शब्दांत कळवले.

स्वातंत्र्याचा अर्ज

१३ जानेवारी १७७७ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला सहा महिने झाले असताना, आठ कृष्णवर्णीयांच्या सह्यांचा एक अर्ज मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे आला. सह्या करणाऱ्यांत हॉल होते. या अर्जातील युक्तिवाद सरळ पण प्रतिपक्षाला निरुत्तर करणारा आहे. स्वातंत्र्य हा सर्व मानवांचा नैसर्गिक हक्क आहे आणि तो अर्जदारांनी कोणत्याही कराराने सोडून दिलेला नाही. इंग्लंडविरुद्ध अमेरिकेने जी जी तत्त्वे पुढे केली, ती सर्व तत्त्वे गुलामांच्या बाजूने हजारपट अधिक जोराने बोलतात. म्हणून गुलामांना मुक्त करणारा कायदा करावा आणि या भूमीत जन्मलेल्या त्यांच्या मुलांना वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर दास म्हणून ठेवू नये, अशी मागणी होती. राज्यकर्त्यांचेच तत्त्वज्ञान हाती घेऊन ते त्यांच्यासमोर ठेवणे ही हॉल यांची पद्धत येथे प्रथम ठळकपणे दिसते.

विधिमंडळाने कायदा केला नाही. गुलामगिरीचा पाया मॅसॅच्युसेट्समध्ये ढासळला तो न्यायालयात. १७८३ मध्ये क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी गुलामगिरी राज्यघटनेशी विसंगत असल्याचा निर्वाळा दिला. १७९० च्या जनगणनेत या राज्यात एकाही गुलामाची नोंद झाली नाही.

लंडनची सनद

युद्ध संपल्यावर हॉल यांनी सनदेचा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेतील गोऱ्या ग्रँड लॉजकडून ती मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा त्यांनी १७८४ मध्ये लंडनमधील विल्यम मूडी या फ्रीमेसन बंधूला पत्र लिहून इंग्लंडच्या ग्रँड लॉजकडे शब्द टाकण्याची विनंती केली. ज्या देशाशी आठ वर्षे युद्ध झाले त्याच देशाकडे मान्यतेसाठी जावे लागले, यातून त्या काळच्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या मर्यादा स्पष्ट होतात.

२९ सप्टेंबर १७८४ रोजी सनद मंजूर झाली. आफ्रिकन लॉजला ४५९ हा क्रमांक मिळाला. प्रिन्स हॉल प्रमुख, बॉस्टन स्मिथ आणि थॉमस सँडरसन वॉर्डन, असे पदाधिकारी नेमले गेले. मात्र शुल्क पोहोचण्यात आणि कागद अमेरिकेस येण्यात अडीच वर्षे गेली. कॅप्टन जेम्स स्कॉट यांनी ती सनद आणली आणि २९ एप्रिल १७८७ रोजी ती हॉल यांच्या हाती पडली. मे महिन्यात लॉज रीतसर सुरू झाले. सनद मिळाल्याची सूचना त्यांनी वृत्तपत्रात छापून आणली, जेणेकरून कोणाला शंका राहू नये. ती मूळ सनद आजही जतन केलेली आहे.

या सनदेचे महत्त्व नवख्या वाचकाला कदाचित जाणवणार नाही. फ्रीमेसनांच्या जगात सनद नसलेले लॉज अनौरस समजले जाते. त्याच्या सभासदाला दुसऱ्या लॉजमध्ये बसता येत नाही आणि त्याची दीक्षाही ग्राह्य धरत नाहीत. हॉल यांच्याकडे आता बॉस्टनमधील कोणत्याही गोऱ्या लॉजइतकाच सबळ कागद होता. तरीही गोऱ्या बंधूंनी त्यांना बंधू म्हणून स्वीकारले नाही. त्यामुळे नकाराचे खरे कारण नियम नसून रंग होता, ही गोष्ट उघडी पडली.

बंड, परतीचा अर्ज आणि अपहरण

१७८६ च्या अखेरीस पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली बंड केले. हॉल यांनी गव्हर्नर जेम्स बोडन यांना पत्र लिहून आपल्या लोकांची मदत देऊ केली. गव्हर्नरांनी ती स्वीकारली नाही. याच निराशेच्या काळात, जानेवारी १७८७ मध्ये, हॉल आणि सत्तरहून अधिक कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत परतून वसाहत करण्यासाठी साहाय्य मागणारा अर्ज विधिमंडळाकडे दिला. राज्याशी निष्ठा देऊ करणे आणि राज्य सोडून जाण्याची परवानगी मागणे यांत फक्त काही आठवड्यांचे अंतर आहे. काही चरित्रकारांना येथे विसंगती वाटते. निष्ठा नाकारली गेलेल्या माणसाने दुसरे घर शोधावे यात प्रस्तुत लेखकाला तरी विसंगती दिसत नाही.

फेब्रुवारी १७८८ मध्ये बॉस्टनमधील तीन स्वतंत्र कृष्णवर्णीयांना कामाच्या आमिषाने एका जहाजावर नेऊन पळवण्यात आले आणि गुलाम म्हणून विकण्यासाठी वेस्ट इंडीजकडे रवाना करण्यात आले. हॉल यांनी आफ्रिकन लॉजच्या वतीने ताबडतोब अर्ज दाखल केला. स्वतंत्र माणसालाही रस्त्यावर सुरक्षितता नसेल तर त्याचे स्वातंत्र्य कोणत्या उपयोगाचे, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. क्वेकर पंथीयांनी आणि बॉस्टनच्या धर्मोपदेशकांनीही निवेदने दिली. मार्चमध्ये विधिमंडळाने गुलामांच्या व्यापारास बंदी घालणारा आणि अपहृतांच्या कुटुंबीयांना दाद मागण्याचा मार्ग देणारा कायदा संमत केला.

त्या तिघांपैकी एक जण आफ्रिकन लॉजचा सभासद होता. सेंट बार्थेलेमी बेटावर त्याने फ्रीमेसनची खूण केली, ती तेथील एका व्यापाऱ्याने ओळखली आणि त्यामुळे विक्री थांबली, असा वृत्तांत समकालीन इतिहासकार जेरेमी बेलनॅप यांच्या लेखनातून आला आहे. त्या उन्हाळ्यात तिघेही बॉस्टनला परतले. लॉजमध्ये गिरवलेली खूण एखाद्याला बाजारातून सोडवू शकते, याचे याहून चांगले उदाहरण फ्रीमेसनरीच्या इतिहासात क्वचितच सापडेल. मात्र त्याच मार्च महिन्यात विधिमंडळाने आणखी एक कायदा केला. अन्य राज्यांचे नागरिकत्व सिद्ध करू न शकणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना मॅसॅच्युसेट्समध्ये दोन महिन्यांहून अधिक राहण्यास त्याने मनाई केली.

शाळेसाठीचा लढा

ऑक्टोबर १७८७ मध्ये हॉल यांनी शिक्षणाविषयी अर्ज केला होता. कृष्णवर्णीय नागरिक इतरांप्रमाणे कर भरतात, पण त्यांची मुले सार्वजनिक शाळांच्या लाभापासून वंचित राहतात, हे त्यांचे म्हणणे. अर्ज फेटाळला गेला. १७९६ मध्ये त्यांनी पुन्हा नगर प्रशासनाकडे शाळा मागितली. वेगळ्या शाळेची गरज मान्य झाली, पण जागा मिळाली नाही. अखेर १७९८ मध्ये प्रायमस हॉल यांच्या घरी एक शाळा सुरू झाली. पुढे ती प्रिन्स हॉल यांच्या घरी भरू लागली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८०८ मध्ये, ती आफ्रिकन मीटिंग हाउस या प्रार्थनागृहात गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळांतील वर्णभेद कायद्याने बंद व्हायला १८५५ साल उजाडावे लागले.

दोन भाषणे

हॉल यांची दोन भाषणे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. पहिले २५ जून १७९२ रोजी चार्ल्सटाउन येथे आणि दुसरे २४ जून १७९७ रोजी मेनोटॉमी येथे आफ्रिकन लॉजपुढे झाले. पहिल्यात बंधुत्वाची कर्तव्ये, चर्चच्या इतिहासातील आफ्रिकी विद्वानांची उदाहरणे आणि शिक्षणाचे महत्त्व आहे. पाच वर्षांनंतरच्या भाषणाचा सूर बदललेला आहे. बॉस्टनच्या रस्त्यांवर, विशेषतः सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, कृष्णवर्णीयांना होणारी मारहाण, वृद्ध स्त्रियांची विटंबना यांचे वर्णन त्यांनी केले आहे. श्रोत्यांना ते संयम राखण्यास सांगतात आणि लगेच फ्रेंच वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या उठावाकडे बोट दाखवतात. सहा वर्षांपूर्वी तेथेही सकाळपासून रात्रीपर्यंत चाबूकच चालत होता, आणि आता ते चित्र पालटले आहे, असा त्यांचा रोख होता. त्यात उघड धमकी नाही, पण ऐकणाऱ्याला अर्थ समजला नसेल असे म्हणता येत नाही.

त्याच वर्षी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांनी त्यांच्याकडे लॉज उघडण्यासाठी अनुमती मागितली. तेथील गोऱ्या फ्रीमेसनांनी त्यांना नकार दिला होता. धर्मोपदेशक ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन हे त्या लॉजचे आधारस्तंभ झाले. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथेही लॉज निघाले.

मृत्यू आणि नंतरचा इतिहास

४ डिसेंबर १८०७ रोजी हॉल यांचे निधन झाले. बॉस्टनच्या कॉप्स हिल दफनभूमीत त्यांची स्मृतिशिला आहे. तिच्यावर मात्र ७ डिसेंबर ही तारीख कोरलेली आहे. पुढल्या वर्षी त्यांच्या अनुयायांनी आफ्रिकन ग्रँड लॉजची स्थापना केली. १८४७ पासून तिच्या नावात प्रिन्स हॉल यांचे नाव आले.

१८१३ मध्ये इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजचे एकीकरण झाले. त्या वेळच्या नव्या यादीतून संपर्क तुटलेली अनेक लॉज वगळली गेली. त्यांत आफ्रिकन लॉजही होते. १८२७ मध्ये त्याने आपण स्वतंत्र असल्याची घोषणा केली. गुलामगिरीविरुद्ध जहाल पत्रक लिहिणारे डेव्हिड वॉकर याच लॉजचे सभासद होते. पुढील शतकात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश थर्गुड मार्शल आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांनीही प्रिन्स हॉल परंपरेतील लॉजचे सदस्यत्व घेतले.

जन्मतः स्वतंत्र असण्याची अट इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १८४७ मध्ये बदलून केवळ स्वतंत्र असणे पुरेसे ठरवले. अमेरिकेतील गोऱ्या ग्रँड लॉजनी मात्र एका राज्यात एकच ग्रँड लॉज वैध, या तत्त्वाचा आधार घेऊन प्रिन्स हॉल लॉजना दीर्घकाळ अमान्य ठरवले. १८९८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील विल्यम अप्टन यांनी या मान्यतेसाठी प्रयत्न केला, तेव्हा इतर राज्यांच्या ग्रँड लॉजनी संबंध तोडल्याने त्यांच्या ग्रँड लॉजला माघार घ्यावी लागली. १९८९ मध्ये कनेक्टिकटच्या ग्रँड लॉजने आपल्या राज्यातील प्रिन्स हॉल ग्रँड लॉजला मान्यता दिली आणि इतर राज्ये हळूहळू मागोमाग आली. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने मॅसॅच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल ग्रँड लॉजला १९९४ मध्ये मान्यता दिली. दक्षिणेतील काही राज्यांत ती मिळण्यास एकविसावे शतक लागले. २०१० मध्ये केंब्रिज शहराच्या मध्यवर्ती मैदानावर प्रिन्स हॉल यांचे स्मारक उभारण्यात आले.